बोटभर ओरखडा, हातभर काम

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. तो दिसावा म्हणून त्याला पिवळे-काळे पट्टे मारलेत. तरी वर्षातून दोन-तीन जण त्याला गाडी घासतातच. गेल्या दिवाळीच्या आधी ती पाळी माझ्यावर आली. वळण जरा लवकर घेतलं, डाव्या अंगाला कर्रर्र झालं, आणि उतरून पाहतो तर मागच्या पांढऱ्या दारावर, अगदी खालच्या बाजूला, वीतभर पिवळा फराटा आणि त्याच्या मधोमध बोटभर लांबीचा काळपट ओरखडा.

गॅरेजमध्ये दाखवलं. "पूर्ण दार मारावं लागेल साहेब," म्हणत त्याने चार आकडी रक्कम सांगितली. मला वाटलं, बोटभर जखमेसाठी अख्ख्या अंगाला प्लास्टर कशाला? स्प्रेचा एक डबा आणू, फुस्स-फुस्स करू, रविवारी जेवणाआधी काम उरकेल. तो रविवार संपला तेव्हा दारावर मेणबत्तीसारखे ओघळ होते आणि बायको विचारत होती, "अरे, बोटाएवढा होता ना ओरखडा? मग आता हातभर कसा झाला?"

प्रश्न रास्त होता. ओरखडा बुजवायचा तर तो आधी मोठा करावाच लागतो. का करावा लागतो हे समजलं की बाकीची सगळी प्रक्रिया आपोआप समजते. किती मोठा करायचा आणि कुठे थांबायचं, हे डबा हलवायच्या आधी ठरवायचं असतं. मी ते ओघळ आल्यावर ठरवलं.

कागदाएवढी जाडी

दाराचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. कारखान्यात गाडीचा सांगाडा धुऊन, फॉस्फेटचा पातळ थर देऊन रंगाच्या हौदात अख्खा बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेमुळे रंगाचे कण पत्र्याच्या सांदीकोपऱ्यांत जाऊन बसतात. हा पहिला थर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गंजापासून गाडी मुख्यतः तोच वाचवतो. त्यावर तीसेक मायक्रॉन प्रायमर. तो खालचा खडबडीतपणा झाकतो आणि उडालेल्या खडीचा मार सोसतो. त्यावर खरा रंग, म्हणजे बेस कोट, १५ ते २० मायक्रॉन. आणि सगळ्यात वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. चकाकी त्याची, ऊन-पाऊस झेलायचं कामही त्याचंच. गाडी घेताना ज्यावरून घरात चार दिवस वाद होतात, तो रंग या चौघांतला बहुधा सगळ्यात पातळ गडी असतो.

चारही थर मिळून शंभर ते सव्वाशे मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपला सगळा खेळ एका कागदाच्या जाडीत चालतो, हे पॉलिश पेपर हातात घेताना विसरायचं नाही.

आता ओरखडा किती खोल आहे ते पाहू. पण त्याआधी तो आपला आहे का ते पाहायचं. माझ्या दारावरचा पिवळा फराटा हा खांबाचा रंग होता, जो माझ्या रंगावर येऊन बसला होता. असा फराटा भयंकर दिसतो, पण मऊ कापडावर थोडं रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) घेऊन दहा मिनिटं हलक्या हाताने चोळलं की बहुतेक निघून जातो. कित्येकांचं काम इथेच संपतं, डबा आणायची वेळच येत नाही. चोळताना कापडाला आपल्याच गाडीचा रंग लागायला लागला, तर दोन शक्यता: एकतर तुम्ही क्लिअर पार करून बेस कोटपर्यंत पोचलात, किंवा तुमच्या गाडीला वेगळा क्लिअर नाहीच. साध्या पांढऱ्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांत रंग आणि चकाकी एकाच थरात असायची.

फराटा गेल्यावर जे उरेल त्यावर पाणी शिंपडा. न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच आठवते? तिच्या खरखरीत बाजूवर पाणी उडालं की तेवढा भाग पारदर्शक होतो, आणि वाळला की पुन्हा दुधी. क्लिअर कोटमधल्या चऱ्याचं तसंच असतं. तो पांढरा दिसतो कारण त्याच्या खडबडीत कडा उजेड विखुरतात. पाण्याने खाच भरली की तो दिसेनासा होतो. ओला केल्यावर चरा गायब झाला तर खूश व्हा, तो कंपाउंडने जाईल किंवा निदान पुसट होईल. ओला करूनही दिसतोय आणि नख फिरवलं की अडकतंय, तर रंग लागणार. तळाशी राखाडी दिसलं तर तो प्रायमर, काळपट दिसलं तर बहुधा हौदातला पहिला थर, चमकणारी रेघ किंवा तांबूस डाग दिसला तर पत्रा उघडा पडलाय. पत्रा उघडा असेल तर रंग जुळण्याची चिंता नंतर करा, आधी गंज थांबवा. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर खाऱ्या हवेत हे काम पुढच्या महिन्यावर टाकण्यासारखं नसतं.

प्लास्टिकच्या बंपरला गंज नाही, त्यामुळे घाईही नाही. पण तिथे वेगळी अडचण आहे. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यावर कोणताही रंग धड चिकटत नाही. घरातल्या प्लास्टिकच्या बादलीला रंग देऊन पाहा, आठ दिवसांत सालपटं निघतील. म्हणून काळं प्लास्टिक उघडं पडलं असेल तर आधी ॲडहिजन प्रमोटर नावाचा पातळ, पारदर्शक हात द्यावा लागतो. तो वगळून थेट प्रायमर मारलेले बंपर पहिल्या प्रेशर वॉशिंगला ओळखू येतात.

घरी काय करू नये

बॉनेट, टप आणि दाराचा मधला सपाट भाग घरी करू नये. आडव्या पृष्ठभागावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि त्यात आपली प्रत्येक चूक दिसते. खालच्या पट्ट्या, बंपरचे कोपरे, दाराचा तळाचा भाग, चाकावरची कमान, ही आपली जागा. पर्ल पांढऱ्याच्या वाटेलाही जाऊ नये. त्यात पांढरा तळ, त्यावर अभ्रकाचा झिरझिरीत थर आणि मग क्लिअर असे तीन हात असतात, आणि मधल्या हाताचा एक फेरा जास्त झाला तरी छटा बदलते.

चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथे फसतात. या रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात, म्हणजे जणू लाखो आरसे. रंग कोरडा-कोरडा, लांबून मारला तर ते आडवे, सपाट बसतात आणि रंग उजळ दिसतो. जवळून ओलाचिंब मारला तर ते ओल्या थरात बुडतात, वेडेवाकडे वळतात आणि तोच रंग गडद दिसतो. डबा तोच, कोड तोच, फक्त हात बदलला आणि छटा बदलली! त्यातून समोरून पाहिलं तर जुळलेला वाटतो आणि बाजूने पाहिलं तर ठिगळ दिसतं. गॅरेजवाला अख्खं दार मारायला सांगतो त्याचं एक कारण हेच. दाराच्या कडेला फट असते, फटीपलीकडे दुसरा भाग सुरू होतो, त्यामुळे छटेतला बारीक फरक डोळ्याला खटकत नाही. सपाट पत्र्याच्या मधोमध तोच फरक बोंब मारतो. तो मला लुबाडत होता असं जे मला वाटलं होतं, ते मी इथे मागे घेतो.

मग विम्यातून का करू नये? करता येतं, पण हिशेब मांडून. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दर क्लेममागे पहिले १००० रुपये आपल्या खिशातून जातात, त्यावरच्या इंजिनाला २०००. शिवाय क्लेम न करण्याचं बक्षीस म्हणून मिळणारा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर जातो. वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर एका क्लेमने तो शून्यावर येतो. पाच वर्षं जपलेला बोनस बोटभर ओरखड्यासाठी घालवणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं.

रंग तुमच्याच गाडीचा आणा. "पांढरा द्या" म्हणून चालत नाही, प्रत्येक कंपनीचे पांढरे वेगळे. गाडीवर कुठेतरी रंगाचा कोड असतो: दाराच्या खांबावरचं लेबल, नाहीतर बॉनेटखालची पट्टी. मारुती सुझुकीच्या साध्या पांढऱ्याचा २६यू, सिल्की सिल्व्हरचा झेड२एस, असे. त्या कोडचे तयार डबे मिळतात आणि मोठ्या शहरांत रंग मिसळून डब्यात भरून देणारी दुकानंही आहेत. कोड बरोबर असला तरी सहा-सात वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी कोडच्या थोडी पलीकडे गेलेली असते. म्हणून आधी एका जुन्या पत्र्याच्या झाकणावर प्रायमर, रंग, क्लिअर असे सगळे हात मारा, वाळू द्या आणि उन्हात दाराला लावून पाहा. ओला रंग पाहून निर्णय घ्यायचा नाही.

घासणं

डबा काम करतो दहा मिनिटं. घासणं चालतं दोन-तीन तास, आणि काम बिघडतं ते इथेच.

पहिल्यांदा दार भांड्याच्या साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा वॅक्स-सिलिकॉन रिमूव्हरने पुसा. आपल्या गाड्यांवर डॅशबोर्ड पॉलिशचे, टायर पॉलिशचे शिंतोडे असतात. त्यात सिलिकॉन असतं. त्याचा कणभर अंश राहिला तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी घासून नंतर पुसलं तर तेच सिलिकॉन तुम्ही पेपरने ओरखड्यात चोळून बसवलेलं असतं.

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. गंज असेल तर २२० ने सुरुवात, नुसता ओरखडा असेल तर ४०० ने. पेपर बोटांनी धरू नका. बोटं म्हणजे चार उंचवटे आणि तीन दऱ्या. तसेच पट्टे दारावर उमटतात आणि क्लिअर मारल्यावर लखलखून दिसतात. लहान जागेला शाळेतला खोडरबर उत्तम. त्याला पेपर गुंडाळायचा आणि घासायचं.

आता बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. ओरखड्याची कड म्हणजे कागदाएवढा उंच कडा. त्यावर कितीही रंग ओतला तरी कडा तसाच दिसत राहणार, जसा भिंतीचा पोपडा निघालेल्या जागी नुसता रंग मारला तर त्याचा नकाशा दिसतच राहतो. म्हणून तो कडा घासून उतरणीचा करायचा, इतका की उतार हाताला लागूच नये. बरोबर घासलं की कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वर्तुळं दिसायला लागतात: मधे चकाकता पत्रा, मग काळपट कडं, मग राखाडी, मग गाडीचा रंग, मग धूसर झालेला क्लिअर. प्रत्येक कडं निदान अर्धा सेंटिमीटर रुंद हवं. वर्तुळं चिकटून-चिकटून असतील तर उतार अजून तीव्र आहे. अशी चार कडी दोन्ही बाजूंना धरली की बोटभर ओरखडा किमान चार सेंटिमीटर रुंद होतो. प्रायमर त्याच्या बाहेर जातो, रंग प्रायमरच्या बाहेर आणि क्लिअर रंगाच्याही बाहेर. झाला हातभर!

उतार झाला की नाही हे डोळ्यांवर सोपवू नका, डोळा रंग पाहून फसतो. प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून डोळे मिटून तळहात फिरवा. पिशवीमुळे हात सरकतो आणि उघड्या बोटांना न लागणारी कड जाणवते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा "झालंय की" म्हणून सोडून दिलेल्या जागी पायरीच लागली.

खाच पत्र्यातच असेल, किंवा बारीक पोचा असेल, तर पुट्टी. लहान लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढं हार्डनर (ती कडक करणारं रसायन) पुरतं. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातलं तर त्याचा डाग महिन्याने वरच्या रंगातून डोकावतो. आणि पुट्टी कोरडीच घासा. ती स्पंजासारखी पाणी पिते. पाणी आत ठेवून वरून रंग मारला की पुढच्या उन्हाळ्यात फोड येतात.

शेवटी ओरखड्याच्या चारी बाजूंची वीतभर जागा १००० च्या ओल्या पेपरने चकाकी जाईपर्यंत हलकेच घासायची. चकाकत्या काचेसारख्या क्लिअरवर नवा रंग टिकत नाही, त्याला धरायला सूक्ष्म चरे लागतात.

फुस्स

मास्किंग टेप लावताना एक युक्ती आहे. टेप सपाट चिकटवली तर ती काढल्यावर रंगाची कड चाकूने कापल्यासारखी उभी राहते. म्हणून जिथे फट किंवा बॉडी लाइन (पत्र्यातली उठावदार रेघ) नाही तिथे कागद उलटा लावून मागे दुमडायचा, म्हणजे कड किंचित उचललेली राहते, तिच्याखाली थोडा रंग उडतो आणि सीमा विरळ होते. वर्तमानपत्राचे दोन पदर लावा. उरलेल्या गाडीवर जुनी चादर नाही, प्लास्टिक टाका. चादरीचे तंतू उडतात. माझी गाडी अशी गुंडाळलेली पाहून समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, "बाई गं, केवढा अपघात झाला हो?"

जागा सावलीची, पण मोकळ्या हवेची. बंद बेसमेंट नको, आणि शेजाऱ्याच्या गाडीशेजारी तर अजिबात नको. स्प्रेची धुई चांगली दहा-पंधरा फूट जाते आणि दुसऱ्याच्या बॉनेटवर खरखर होऊन बसते. सुरुवात करायच्या आधी फरशीवर सडा घातल्यासारखं पाणी शिंपडा, धूळ खाली बसते.

हवामानाची गोष्ट डब्यावर दोन ओळींत लिहिलेली असते आणि कोणी वाचत नाही. पावसाळ्यात मारलेल्या रंगावर कधी कधी पांढुरकी झाक येते. बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो तसाच हा प्रकार. रंगातला द्रावक, म्हणजे थिनरसारखा द्रव, उडताना थराची उष्णता घेऊन जातो, थर हवेपेक्षा गार होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर साचतो. मे महिन्यात उलटं: पत्रा हाताला चटका देतो आणि रंगाचे थेंब पोचायच्या आतच वाळतात, मग दार पिठाळ लागतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर, ही चांगली वेळ. डबा गार असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. आतला वायू म्हणजे बहुतेक डब्यांत घरच्या सिलिंडरमधलाच एलपीजी किंवा त्याच्यासारखाच ज्वलनशील डायमिथिल ईथर, द्रवरूपात. सतत फवारलं की तो उडताना डबा गारठतो, दाब पडतो आणि बारीक धुईऐवजी थेंब थुंकायला लागतो. कोमट म्हणजे कोमट. ५० अंशांवर डबा न्यायचा नाही आणि जवळपास देवघरातली निरांजनसुद्धा नको.

हा डब्यात रंग भरायचा प्रकार १९४९ सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या सिकामोर गावचा. एडवर्ड सीमोर यांचा रंगाचा धंदा होता. घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा ॲल्युमिनियम रंग गिऱ्हाइकांना दाखवायला सोपं जावं म्हणून तो डब्यात भरावा, असं त्यांच्या पत्नीने, बॉनीने सुचवलं. म्हणजे हा डबा जन्मला तो चंदेरी रंगासाठी, आणि आज सगळ्यात जास्त छळतो तो चंदेरीच!

डबा हलवताना आतली गोळी खडखडायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं मोजून हलवायचा. रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं. अर्धवट हलवलेल्या डब्यातून आधी पाणचट आणि शेवटी गडद रंग येतो. मग २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे एक मोठी वीत अंतर ठेवा. हात मनगटातून फिरवू नका, मनगट कमान काढतं आणि मधे रंग जास्त, टोकांना कमी पडतो. खांद्यातून, सरळ रेषेत. नोझल दाबायचं ते ओरखड्याच्या अलीकडे, सोडायचं पलीकडे. हात थांबलेला असताना बोट दाबलेलं असलं की ओघळ ठरलेला. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा.

पहिला हात इतका विरळ की खालचं सगळं दिसत राहावं. इथे माणसाचं मन मोडतं. वाटतं, काहीच झाकलं जात नाहीये, अजून थोडा मारू. माझे ओघळ याच "अजून थोडा"चे होते. विरळ हाताने पुढच्या हाताला धरायला जागा तयार होते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा करून या, मग दुसरा. प्रायमरचे दोन-तीन हात, वाळल्यावर ८०० च्या ओल्या पेपरने हलकं घासणं, मग रंगाचे तीन-चार हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा दोन बोटं बाहेर. पत्रा उघडा असेल तर सगळ्यात आधी त्यावर एचिंग प्रायमर. त्यातलं आम्ल पत्र्याला चावा घेऊन धरतं. पुट्टीवर मात्र तो मारायचा नाही.

ओघळ आलाच तर बोट लावू नका, पुसू नका. मी पुसला. पूर्ण वाळू द्यायचा, मग खोडरबरावर पेपर घेऊन तेवढाच घासायचा.

गाडी जुनी घेतली असेल तर सुरुवातीलाच कापसावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात घासून पाहा. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग सहसा ढिम्म हलत नाही. कापसाला रंग लागला तर आधी कोणीतरी तिथे साधा लॅकर मारून गेलंय, आणि त्यावर तुमचा ओला हात पडला की खालचा रंग सुरकुतून उचलला जाईल.

क्लिअर आणि फुप्फुसं

क्लिअर दोन जातींचा मिळतो. साधा, म्हणजे वन-के, नुसता द्रावक उडून वाळतो. मीठ पाण्यात विरघळवून पुन्हा वाळवावं तसं: पुन्हा द्रावक मिळाला की तो पुन्हा विरघळतो. पेट्रोलच्या झाकणापाशी वन-के मारला तर सांडलेला एक थेंब तो खातो. टू-के डब्यात हार्डनर वेगळ्या कुपीत असतो; तळाचं बटण दाबून ती फोडायची, हलवायचं आणि एक-दोन दिवसांत डबा संपवायचा, कारण आत रासायनिक क्रिया सुरू झालेली असते. हा थर गॅरेजच्या कामाच्या जवळ जातो, पेट्रोलला दाद देत नाही.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. हे नाव आपण १९८४ च्या भोपाळमुळे ओळखतो. रंगातलं रसायन वेगळं आहे, तो विषारी वायू नव्हे, पण कुळ एकच. त्याची धुई श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी कमी मात्राही त्रास देते. कोविडातला कापडी मास्क इथे निरुपयोगी, एन-९५ सुद्धा अपुरा, कारण तो कण अडवतो, वाफ नाही. कण आणि सेंद्रिय वाफ दोन्ही अडवणारे कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, गॉगल आणि हातमोजे नसतील तर टू-के घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात दम्याचं कोणी असेल, लहान मूल असेल तर मास्क असूनही नको. मी वन-केवर भागवलं, त्यालाही कार्ट्रिजचा मास्क लावून. दाराच्या तळाला तेवढं पुरतं.

क्लिअरचे हात रंगापेक्षा थोडे ओले लागतात, नाहीतर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. थोडा येतोच. जमेल तर क्लिअर बॉडी लाइनपर्यंत किंवा दाराच्या कडेपर्यंत न्या; मधेच संपवलेल्या क्लिअरची कड वर्षभरात पिवळट रेघ होऊन दिसू लागते.

त्यानंतर काहीही करायचं नाही. वन-के आठवडाभर तसाच सोडा, मग २००० च्या ओल्या पेपरने, साबणाचा थेंब टाकून, साल खाली बसवा आणि कंपाउंडने चकाकी आणा. कडांवर आणि बॉडी लाइनवर पेपर नेऊ नका, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत प्रायमर वर येतो. वॅक्स महिनाभर नाही. आतला द्रावक अजून बाहेर पडत असतो.

डबा उरला तर उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे नोझल तुंबत नाही. मग तो घरातल्या कपाटात. डिकीत नाही.

माझं दुसऱ्या खेपेचं काम तीन पावलांवरून दिसत नाही. उकिडवं बसून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं तर नवा पांढरा जुन्यापेक्षा किंचित थंड वाटतो, आणि ज्याला कुठे पाहायचं ते माहीत आहे त्यालाच वाटतो. एक गोष्ट मात्र आधी सुचायला हवी होती. आमच्याकडे रोज सकाळी गाड्या पुसणारा मुलगा येतो, एकच बादली आणि एकच फडकं घेऊन वीस गाड्या. त्याला मी बजावून सांगितलं, या दाराला पंधरा दिवस हात लावायचा नाही. त्याने शब्द पाळला. पंधरा दिवस बाकीची गाडी चकचकीत आणि तेवढं एक दार धुळीने माखलेलं. रंग जुळलाय की नाही हे कोणाला दिसलं नाही. तो कुठे मारलाय ते मात्र अख्ख्या सोसायटीला कळलं.